रात्रभरात किती पाणी पितं? सीपॅप ह्युमिडिफायरची पाण्याच्या हिशोबाने परीक्षा

सीपॅप मशीन, म्हणजे झोपेत श्वासाची वाट उघडी राहावी म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र, घेताना लोक आवाज विचारतात, मास्क कोणता ते विचारतात, दाब आपोआप कमीजास्त होतो का ते विचारतात. त्या हवेला ओल देणाऱ्या ह्युमिडिफायरच्या पाण्याच्या टबाबद्दल क्वचितच कुणी विचारतं. वापर सुरू झाला की मात्र दोनपैकी एक तक्रार हमखास येते. एक, "पहाटे चारलाच टब कोरडा ठणठणीत." दोन, "सकाळी पाणी जसंच्या तसं, मशीन बिघडलं का?" दोन्ही वेळा दोष बहुतेक करून मशीनचा नसतो. टबातलं पाणी खोलीची हवा आणि मास्कची बसवण यांचा हिशोब सांगत असतं, आणि तो वाचता आला तर आकडे उगाच वरखाली करावे लागत नाहीत.

इथे रेसमेडचं एअरसेन्स 10 आणि एअरसेन्स 11, फिलिप्सचं पहिल्या पिढीतलं ड्रीमस्टेशन, आणि बिनपाण्याचं एअरमिनी ही चार मशीनं फक्त याच बाजूने पाहिली आहेत. दाबाचा अल्गोरिदम, अॅप, दिसणं यांबद्दल इथे काही नाही.

पाणी जातं कुठे

या ह्युमिडिफायरमध्ये पाणी उकळत नाही आणि धुकंही तयार होत नाही. टबाच्या तळाला धातूची चकती असते, ती मशीनच्या गरम पट्टीवर टेकते. पाणी कोमट होतं, पंख्याची हवा त्याच्या पृष्ठभागावरून जाते आणि वाफ सोबत घेते. ती ओलसर हवा नळीतून मास्कमध्ये येते, आणि बहुतेक सगळी मास्कच्या व्हेंटमधून खोलीत निघून जाते. व्हेंट म्हणजे मास्कवरची ती बारीक भोकं. सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड बाहेर जावा म्हणून ती मुद्दाम ठेवलेली असतात.

आत घेतलेला श्वास परत बाहेर येतोच. त्यामुळे रात्रभराची सरासरी धरली तर नळीतून वाहणारी हवा म्हणजे व्हेंटमधून आणि मास्कच्या फटींतून बाहेर पडणारी हवा. पाण्याचा खप दोनच गोष्टींवर ठरतो: किती हवा वाहिली, आणि प्रत्येक घनमीटर हवेत किती ग्रॅम वाफ मिसळावी लागली.

आकडे घालून बघू. 10 सेंटीमीटर (पाण्याच्या स्तंभाच्या) दाबाला बऱ्याच मास्कच्या व्हेंटमधून मिनिटाला 30 लिटरच्या आसपास हवा जाते, आपण 32 धरू. आठ तासांत ही हवा साधारण 15.4 घनमीटर होते. खोली 22 अंशांवर, आर्द्रता 50 टक्के असेल तर खोलीच्या हवेत घनमीटरला 9.7 ग्रॅम वाफ आधीच आहे. नळीचं तापमान 27 अंश आणि आर्द्रता 85 टक्के हवी असेल तर घनमीटरला 21.9 ग्रॅम लागतात. फरक 12.2 ग्रॅम. गुणाकार केला की 188 मिलिलिटर. फटीतून गळती नसलेल्या, साध्या रात्रीचा खप एवढा.

आता यातली एकेक गोष्ट बदलून बघा.

मास्क कडेने सुटला आणि मिनिटाला आणखी 24 लिटर हवा गळू लागली, तर खप 328 मिलिलिटरवर जातो. 24 हा आकडा उगाच घेतलेला नाही, रेसमेडच्या मशीनमध्ये गळती जास्त आहे हे ठरवण्याची रेघ तिथेच आहे. खोली थंड आणि कोरडी, 18 अंश आणि 30 टक्के आर्द्रता असेल तर गळती नसतानाही 266 मिलिलिटर लागतं. दोन्ही एकत्र आले, कोरडी थंडी आणि वर 24 लिटर गळती, तर 465. एवढं पाणी टब असलेल्या तिन्ही मशीनांपैकी एकाच्याही टबात मावत नाही. उलट दमट हवेत, खोली 26 अंश आणि आर्द्रता 80 टक्के असताना, रात्रभरात जेमतेम 37 मिलिलिटर जातं. पाणी "जसंच्या तसं" दिसतं ते यामुळे. हवेत ओल आधीच आहे, मशीनला घालायला काही उरलेलंच नाही.

दाबाचाही वाटा आहे, पण वाटतो तेवढा नाही. व्हेंटमधला प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. दाब 10 वरून 20 झाला तर पाणी दुप्पट जात नाही, साधारण 265 मिलिलिटर जातं. नळीचं तापमान 27 वरून 30 केलं तर आर्द्रतेचा आकडा तसाच ठेवूनही जवळपास 60 मिलिलिटर जास्त जातात, कारण गरम हवेत वाफ जास्त मावते. हे फारसं कुणी लक्षात घेत नाही. "थोडी ऊब हवी" म्हणून तापमान वाढवतात आणि मग टब का संपतो म्हणून शोधत बसतात.

मोजायचं कसं

टबावरची रेघ बघून अंदाज करू नका. टबाचा आकार खाली-वर सारखा नसतो, त्यामुळे डोळा फसतो. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा वजनकाटा घ्या. रात्री भरलेला टब बाहेरून पुसून काट्यावर ठेवा, आकडा लिहा. सकाळी मशीन बंद केल्यावर दहा मिनिटं थांबा, झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटलेले थेंब झटकू नका, तसाच टब पुन्हा काट्यावर ठेवा. एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर. सोबत किती तास वापर झाला तेही लिहा, म्हणजे ताशी खप निघेल. असं लागोपाठ तीन रात्री करा.

ताशी 20 ते 30 मिलिलिटर येत असेल तर चिंतेचं काही नाही. ताशी 40 च्या वर गेला आणि खोली फार कोरडी नसेल, तर गळती शोधा. आर्द्रतेचा आकडा कमी करून टब पुरवायला जाऊ नका. टब पुरेल खरा, पण हवा फटीतून जातच राहील आणि नाक कोरडं पडेल ते वेगळंच.

गळती बघायला एअरसेन्सच्या स्क्रीनवर झोपेच्या अहवालात मास्क सीलची नोंद असते, पण ती हो-नाही एवढंच सांगते. मिनिटामिनिटाचा आलेख हवा असेल तर मशीनमधलं एसडी कार्ड काढून ऑस्कर नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये बघता येतं. एअरसेन्स 10, 11 आणि ड्रीमस्टेशन तिन्हींचं कार्ड त्यात वाचता येतं. आलेख पहाटे सपाट वरच्या पातळीला जाऊन थांबत असेल तर बहुधा तोंड उघडं पडतंय. बारीक बारीक सुळके येत असतील तर कूस बदलताना मास्क सरकतोय.

एक गोष्ट आधी तपासा. मशीनच्या सेटिंगमध्ये मास्कचा प्रकार (नाकाचा, नाकपुडीचा की नाक-तोंड झाकणारा) बरोबर निवडला आहे ना? व्हेंटमधून किती हवा जायला हवी हे मशीन त्यावरूनच वजा करतं. प्रकार चुकला तर गळतीचा आकडाच चुकीचा दाखवेल.

एअरसेन्स 10

2014 मध्ये आलेलं मशीन. टब 380 मिलिलिटरचा, आणि तो मशीनच्या कुशीतच बसतो. टबाची खिट्टी दाबून तो बाहेर ओढायचा, झाकण उघडायचं, रेघेपर्यंत भरायचं आणि टक् असा आवाज येईपर्यंत आत ढकलायचा. हा "टक्" महत्त्वाचा. अर्धवट बसलेल्या टबाची चकती गरम पट्टीला नीट टेकत नाही, पाणी गार राहतं, आणि कडेने हवाही सुटते. प्रवाह मोजणारा सेन्सर टबाच्या आधी असल्याने ही सुटलेली हवा मशीनच्या खात्यात मास्कची गळती म्हणून पडते. त्यामुळे लोक नवे मास्क आणत राहतात आणि फट निघते टबाच्या रबरी सीलमध्ये. ओला हात टबाच्या कडेला धरून बघा, फुंकर लागली तर सील सरकलेलं आहे.

आर्द्रतेच्या 1 ते 8 पायऱ्या आहेत, मूळ सेटिंग 4. क्लायमेटलाइनएअर ही तापणारी नळी जोडली की क्लायमेट कंट्रोल 'ऑटो'वर टाकता येतं. मग तापमान 16 ते 30 अंशांत निवडायचं, मूळ 27, आणि आर्द्रता सुमारे 85 टक्क्यांवर मशीन स्वतः राखतं. पाण्याच्या हिशोबाने ही सोय या मशीनची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे. दमट रात्री ते आपणहून पाणी कमी खर्च करतं आणि कोरड्या रात्री जास्त. साध्या नळीवर 6-7 चा आकडा लावून ठेवलेल्या माणसाला हे सुख मिळत नाही.

खटकणाऱ्या गोष्टी दोन. पाणी संपल्याची सूचना नाही. टब कोरडा पडला तरी दाब चालूच राहतो, हवा तेवढी कोरडी येते, आणि झोपलेल्या माणसाला ते घसा खवखवल्यावरच कळतं. दुसरी गोष्ट, नेहमीच्या टबाची झाकण-बिजागरी ठिसूळ होत जाते. टब सहा महिन्यांनी बदलायची वस्तू आहे हे धरूनच चाला. डिशवॉशरमध्ये घालता येणारा टब वेगळा मिळतो, नेहमीचा टब मात्र त्यात घालू नका.

थेरपी थांबवल्यावर हे मशीन गरम पट्टी गार करायला तासभरापर्यंत हळू हवा सोडत राहतं. बिघाड नव्हे. त्याच वेळेत टब काढायला गेलं तर पट्टीला हात लागून चटका बसतो, तेवढं सांभाळा. झोपायच्या आधी पाणी कोमट करून ठेवायची सोयही आहे. थंड खोलीत पहिला अर्धा तास हवा कोरडी वाटते ही तक्रार तिनेच मिटते.

एअरसेन्स 11

2021 चं मशीन. टब इथेही 380 मिलिलिटरचा, क्लायमेट कंट्रोलही तसंच. म्हणजे पाण्यासाठी म्हणून 10 विकून 11 घ्यायचं काही कारण नाही. टब काढण्या-बसवण्याची रीत थोडी बदलली आहे, टचस्क्रीन आहे. खरेदीच्या वेळी लक्षात ठेवायचं ते एवढंच: 10 चा टब 11 ला बसत नाही, 10 ची तापणारी नळीही बसत नाही. घरात जुने सुटे भाग शिल्लक असतील तर ते वाया जातात. पाणी संपल्याची सूचना इथेही दिलेली नाही, आणि सात वर्षांनी आलेल्या मशीनमध्ये ती हवी होती.

ड्रीमस्टेशन

टब 325 मिलिलिटरचा. कागदावर 55 मिलिलिटरचा फरक किरकोळ दिसतो, पण वरचा हिशोब पुन्हा बघा: 24 लिटर गळतीच्या रात्री 328 मिलिलिटर लागतात. एअरसेन्सचा टब त्या रात्री कसाबसा निभावतो, हा आठव्या तासाला संपतो. नऊ तास झोपणाऱ्याने किंवा 15 च्या वर दाब असणाऱ्याने हे ध्यानात घ्यावं.

टबाची रचना मात्र इथे जास्त विचारपूर्वक केलेली आहे. झाकणाच्या पोटात कोरडा कप्पा असा आहे की टब थोडा कलंडला तरी पाणी लगेच मशीनच्या पंख्याकडे उलटं जात नाही. टबाचे दोन भाग सहज सुटे होतात, कोपऱ्यात बोट पोचतं, घासणं सोपं. डिशवॉशरच्या वरच्या कप्प्यातही चालतो.

आर्द्रता 0 ते 5. तापणारी नळी असेल तर तिचं तापमानही 0 ते 5. अंशांत आकडा दाखवत नाहीत, आणि ही मोठी उणीव आहे. 27 अंशांवरून 26 वर आणणं आणि 3 वरून 2 वर आणणं यात पहिलं समजून करता येतं, दुसरं नुसतं चाचपडणं. साध्या नळीवर दोन पद्धती मिळतात. एक खोलीची हवा बघून पाणी घालणारी, दुसरी ठरावीक ताप देणारी जुनी पद्धत. ज्यांना हवा "पुरेशी ओली नाही" असं वाटतं ते दुसरी निवडतात आणि पहाटे नळीत गुळगुळ आवाज ऐकतात. पहिली ठेवा.

सेकंडहँड ड्रीमस्टेशन घेत असाल तर जून 2021 मध्ये पहिल्या पिढीतली मशीनं आतल्या आवाज-शोषक फोममुळे परत मागवली गेली होती, हे माहीत असू द्या. फोम झिजून त्याचे कण हवेच्या वाटेत येऊ शकतात, आणि ओझोनने साफ करणाऱ्या यंत्रांमुळे ही झीज वाढते. सीरियल नंबर कंपनीच्या नोंदीत तपासल्याशिवाय घेऊ नका. ओझोन किंवा अतिनील किरणांची ती यंत्रं कोणत्याच सीपॅपला वापरू नयेत. त्यांच्याबद्दल अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने फेब्रुवारी 2020 मध्येच सावध केलं होतं. त्यांनी टबातला क्षारही निघत नाही, मग उपयोग काय?

कोणतं पाणी

डिस्टिल्ड. याचं कारण बहुतेकांना वाटतं ते नाही. नळाच्या पाण्यातले क्षार फुप्फुसात जातात असं नाही, कारण वाफेबरोबर क्षार उडत नाहीत. ते मागे टबात राहतात, आणि खरी अडचण तीच.

समजा पाण्यात लिटरला 200 मिलिग्रॅम क्षार आहेत. रात्रीत 188 मिलिलिटर उडालं म्हणजे सुमारे 38 मिलिग्रॅम क्षार मागे राहिले. महिन्याला एक ग्रॅमपेक्षा जास्त. आधी पाण्याच्या रेघेवर पांढरं वर्तुळ दिसतं, मग तळाच्या चकतीवर खरखरीत पापुद्रा जमतो. नखाने खरवडलं तर त्याचे करकरीत तुकडे निघतात. या थरातून उष्णता नीट पार होत नाही, आणि त्याच्या खाचांमध्ये जंतूंचा चिकट थर तग धरतो. धुतला तरी दोन दिवसांत परत येणारा चिकटपणा या थराच्या आडूनच येतो. गुलाबीसर बुळबुळीत लेप दिसला तर तो जीवाणूंचा आहे, क्षाराचा नाही, आणि त्याला साबण व ब्रशच लागतो.

काही जण सकाळी उरलेलं पाणी फेकत नाहीत, रात्री वरून भर घालतात. तसं करू नका. टब 380 भरला आणि निम्मं पाणी उडालं, तर उरलेलं पाणी क्षाराच्या बाबतीत दुप्पट जड झालेलं असतं. त्यावर नवीन पाणी ओतलं की ते जडपण रोज वाढत जातं. शिवाय कोमट, बंद, साचलेलं पाणी दिवसभर ठेवणं म्हणजे जंतूंना सोय करून देणं. सकाळी टब रिकामा करा, उलटा ठेवून वाळू द्या, भरणं झोपायच्या आधीच.

मग रोज निम्मं डिस्टिल्ड वॉटर वाया जातं, असं वाटेल. पण टब काठोकाठ भरावाच लागतो असं कुठे आहे? पाण्याचा पृष्ठभाग जवळपास तेवढाच राहतो, त्यामुळे कमी पाण्यातही आर्द्रता जवळपास तशीच मिळते, उलट थोडं पाणी लवकर कोमट होतं. काट्यावर तुमचा खप 190 निघाला असेल तर 250 भरा. महिन्याला 11.4 लिटरऐवजी 7.5 लिटर लागेल. फेकायचं पाणी स्वच्छच असतं, कुंडीत घाला.

बाकीच्या पाण्यांबद्दल. उकळलेल्या पाण्यात जंतू मरतात, क्षार तसेच राहतात, किंबहुना थोडे दाट होतात. आरओचं पाणी नळाच्या पाण्यापेक्षा पुष्कळ बरं, पण त्यात क्षार शून्य नसतात, आणि मिनरल परत घालणारी कार्ट्रिज असेल तर आणखी वाढतात. विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवून बघा, डिस्टिल्ड वॉटरला तो शून्याच्या जवळ दाखवतो. बाटलीबंद मिनरल वॉटर नावाप्रमाणेच मिनरलचं. प्रवासात चार रात्री काहीही पिण्याजोगं पाणी चालेल, परत आल्यावर टब व्हिनेगरने धुवा. गाडीच्या बॅटरीत घालायचं पाणी वापरू नका. ते बॅटरीसाठी भरलेलं असतं, श्वासासाठी नाही, आणि डबा कसला आहे याची खात्री नसते. सलाईन तर नकोच, मीठ चकती खातं. निलगिरीचं तेल, अत्तर, बाम यातलं काहीही टबात घालायचं नाही. टबाचं प्लास्टिक आणि सील त्याने खराब होतात, आणि तो वास थेट श्वासात जातो.

नळीत पाणी साचतं तेव्हा

27 अंश, 85 टक्के हवेचा दवबिंदू साधारण 24 अंश असतो. नळीची भिंत त्यापेक्षा गार झाली की आत थेंब धरणारच. खोली 20 अंशांवर आणि नळी साधी असेल, हवा वाटेत पूर्ण गार झाली, तर हिशोबाने रात्रीत 70 मिलिलिटरपर्यंत पाणी नळीतच उतरू शकतं. पहाटे तोंडावर पाणी उडतं ते हे.

यावर पहिला उपाय नळी उबदार ठेवण्याचा. तापणारी नळी असेल तर तापमान एक-दोन अंश वाढवा, आर्द्रता तशीच ठेवा. नसेल तर नळीवर कापडी आवरण चढवा, ती पांघरुणाखालून घ्या, पंखा किंवा एसीचा झोत तिच्यावर थेट येऊ देऊ नका. त्याने भागलं नाही तर आर्द्रता एका पायरीने कमी करा, एकदम तीन नाही. मशीन उशीच्या पातळीपेक्षा खाली ठेवा, म्हणजे साचलेलं पाणी मास्ककडे येण्याऐवजी टबाकडे परत जाईल. मात्र जमिनीवर नको, तिथली धूळ फिल्टरमध्ये ओढली जाते.

टबात पाणी असताना मशीन उचलायचं नाही, तिरकं करायचं नाही. टब आत असताना वरून पाणी ओतायचं नाही. रेघेच्या वर भरायचं नाही. पंख्यात पाणी गेलं की दुरुस्तीला पाठवण्यावाचून इलाज नसतो, आणि तोवर झोपेचे हाल.

तोंड उघडं पडत असेल तर

वरच्या सगळ्यात हा भाग सगळ्यात जास्त लोकांना लागू पडतो. नाकाचा मास्क लावून तोंड उघडलं की हवा नाकातून आत येते आणि तोंडातून सरळ बाहेर जाते, एकाच दिशेने, तासनतास. एरवी नाक सोडलेल्या श्वासातली ओल परत घेतं, ती वाट इथे बंद होते. नाकाची आतली त्वचा सुकते, सुजते, नाक चोंदतं, आणि चोंदलं म्हणून तोंड आणखी उघडतं. आर्द्रता वाढवल्याने या चक्राचा जोर कमी होतो, पण पाणी दीडपट जातं आणि मूळ कारण तसंच राहतं. हनुवटीचा पट्टा वापरून बघा, किंवा नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क. नाक आधीपासूनच चोंदत असेल तर ते डॉक्टरांना दाखवा. दाबाचा आकडाही डॉक्टरांनीच बदलायचा. आर्द्रता आणि नळीचं तापमान तेवढं तुमच्या हातात आहे.

धुणं

रोज: टब रिकामा करा, स्वच्छ कापडाने पुसा, उन्हात न ठेवता वाळवा. आठवड्याला एकदा: कोमट पाणी आणि सौम्य साबणाने टब व नळी धुवा, भरपूर पाण्याने खळबळा. क्षार दिसू लागला तर एक भाग व्हिनेगर आणि नऊ भाग पाणी असं मिश्रण टबात भरून ठेवा, मग मऊ ब्रशने घासा. तारेची घासणी चकतीला ओरखडे पाडते आणि पुढच्या वेळी क्षार तिथेच आधी धरतो. ब्लीच नको. चकतीवर खड्डे पडले, टबाखाली ओल दिसली किंवा झाकणाला तडा गेला की धुण्याचा प्रश्न संपला, टब बदला.

एअरमिनी, पाण्याशिवाय

300 ग्रॅमचं प्रवासी मशीन, 2017 चं. याला टबच नाही. मास्कजवळ ह्युमिडएक्स नावाची छोटी कुपी बसते. सोडलेल्या श्वासातली ऊब आणि ओल ती धरून ठेवते आणि पुढच्या श्वासाबरोबर परत देते. पाण्याचा खप शून्य, विजेचा जवळपास शून्य. टबाच्या मशीनला फक्त 188 मिलिलिटर पाण्याची वाफ करायलाच रात्रभर सरासरी 16 वॉट लागतात, त्यामुळे बॅटरीवर झोपायचं असेल तर हा फरक फार मोठा ठरतो. टबाच्या मशीनवरही बॅटरी पुरवायची असेल तर पहिलं ह्युमिडिफायर आणि तापणारी नळी बंद करतात ते याचसाठी.

पण ही कुपी पाणी निर्माण करत नाही, फक्त परत देते. ज्याचं तोंड उघडं पडतं त्याची ओल तोंडातून निघून जाते, कुपीपर्यंत पोचतच नाही, आणि नाक कोरडंच राहतं. कोरड्या किंवा उंचावरच्या जागेसाठी ह्युमिडएक्स प्लस हा जास्त ओल धरणारा प्रकार आहे, तोच आधी घेऊन ठेवावा. ठरावीक मास्कच याला चालतात, तेव्हा आपला मास्क त्या यादीत आहे का हे मशीन घेण्याआधी बघा. पाकीट फोडल्यापासून 30 दिवसांत कुपी बदलायची असते, ती धुवायची नसते. ओली झाली की तिच्यातून हवा जड जाते, म्हणून नळाखाली धरून "साफ" करणारे तिचा उपयोगच घालवून बसतात.

घरी रोजच्या वापराला एअरसेन्स 10 तापणाऱ्या नळीसह घ्या, टब सुटा मिळणार असेल तर एक जास्तीचा घेऊन ठेवा. एअरमिनी प्रवासाला. ड्रीमस्टेशन आधीच घरात असेल, सीरियल नंबर तपासलेला असेल आणि रात्रीचा खप काट्यावर 280 च्या आत येत असेल, तर टबाच्या आकारासाठी म्हणून ते बदलायची गरज नाही. 280 च्या वर येत असेल, तर पुढच्या तीन रात्री मास्कचे पट्टे झोपलेल्या स्थितीत, मशीन चालू ठेवून, नव्याने लावा आणि टब पुन्हा काट्यावर ठेवा.